जुनी शिशी संपेपर्यंत

एप्रिल महिन्यात कारंजा घाडगेत स्वेटर घालून शाळेत जाणारा मी एकटाच मास्तर होतो. सकाळच्या शाळेतही बाकीचे घामाघूम व्हायचे आणि स्टाफरूममध्ये कूलर लागला की मी खुर्ची उचलून कोपऱ्यात जायचो. तिथे बसल्या बसल्या डोळा लागायचा. एकदा तर वर्गात फळ्यावर ‘प्रयोग’ लिहिता लिहिता ‘प्र’वरच मी खडू टेकवून उभा राहिलो. पोरांना वाटलं, सर विचार करून राहिले. सर झोपले होते.

थायरॉइड मंद झाला आहे हे दिवाळीच्या सुमारासच कळलं होतं. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी रिकाम्या पोटी एक गोळी सांगितली होती, आणि मी ती एक दिवसही चुकवली नव्हती. तरी अंग जड ते जडच. दर खेपेला रक्त तपासायचं, बाईंनी भुवया उंचावायच्या, गोळीची ताकद वाढवायची आणि मी नवी शिशी घेऊन एसटीने परत यायचं, असा क्रम लागला होता. शाळेतल्या चपराशाने तर सरळच सांगितलं, “सर, हे तं बायकायचं दुखणं हाये. तुमाले कसं काय झालं?” जणू मी कुणाच्या तरी वाट्याचं उचलून आणलं होतं. शेजाऱ्याने धन्याचं पाणी सांगितलं. एका सहकाऱ्याने कोबी बंद करायला लावली. दुसऱ्या एकाच्या सांगण्यावरून मी गळ्याला कांदा चोळून झोपलो, तर बायकोने उशी उचलली आणि मुलीच्या खोलीत निघून गेली.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझा आवाज बसला होता, आणि वैशाखात मुलीचं लग्न होतं.

आवाज ही माझी एकमेव इस्टेट. आमच्याकडच्या निम्म्या लग्नांत मंगलाष्टकं मीच म्हटलेली. माईक बंद पडला तरी माझं काही अडायचं नाही. मुलगी एवढीशी होती तेव्हापासून तिला सांगत आलो होतो की तुझ्या लग्नात दुसऱ्या कुणाला तोंड उघडू देणार नाही. त्यासाठी पाच कडवी मी स्वतः रचली होती. तिचं पहिलं पाऊल, तिची सायकल, तिच्या आईचं तिच्यामागे ताट घेऊन धावणं, असं सगळं त्यात बसवलं होतं. वृत्त शार्दूलविक्रीडित. एकेक ओळ लांबच लांब, दम असल्याशिवाय पेलायची नाही. आणि इथे माझा दम पहिल्याच यतीला संपत होता. रोज सकाळी अंगणात उभा राहून मी सराव करायचो आणि गळ्यातून खरडल्यासारखा आवाज निघायचा. मुलगी लाडाने म्हणायची, “बाबा, नसन जमत तं राहू द्या ना. भटजी म्हणतीन.” ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. भटजींचा आवाज मला ठाऊक होता.

लग्नाला तीन आठवडे उरले असताना पुन्हा वर्ध्याला जायचं ठरलं. या वेळी बाईंनी फोनवर बजावलं होतं की येताना गोळ्यांची शिशी घेऊन या. बायको म्हणाली, मीही येते, लग्नाचं राहिलेलं सामान घ्यायचं आहे.

बाईंनी रिपोर्ट पाहिला, मग मला पाहिलं. “गोळी चहासोबत तर घेत नाही ना?”

“नाही. नुसत्या पाण्यासोबत. चहा तासाभराने.”

“रोज?”

“रोज. हीच देते माझ्या हातावर.”

ते खरं होतं. मी विसराळू, म्हणून पहिल्या दिवसापासून बायकोच गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवायची. शिशी आणून तिच्या हाती दिली की मी तिचं तोंड पुन्हा पाहत नव्हतो. तिने पर्समधून ती काढून टेबलावर ठेवली. बाईंनी चष्मा वर केला.

“ही पन्नासची आहे. मी तुम्हाला मार्चमध्ये शंभरची दिली होती.”

“थे आहे ना घरी,” बायको शांतपणे म्हणाली. “फळीवर ठेवली. सील बी फोडलं नाई. पह्यले हे संपू द्या म्हटलं.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

आमच्या घराचा एक कायदा आहे, आणि तो बायकोने केलेला आहे. जुनं संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही. गहू असो, तुरीची डाळ असो, तिखट असो की अंगाचा साबण. मागच्या वर्षीचं लोणचं बरणीच्या बुडाला असेल तर नव्या बरणीकडे पाहायचीसुद्धा सोय नाही. आजवर आमच्या घरात एका दाण्याला टोका लागला नाही तो या कायद्यामुळे. मी चारचौघांत त्याचं कौतुक केलेलं आहे. पंचवीसच्या शिशीत शंभर गोळ्या होत्या. त्या संपायच्या आत बाईंनी पन्नासची दिली, ती फळीवर गेली. पन्नासची निघाली आणि ती संपायच्या आत शंभरची आली, ती तिच्या मागे गेली. डॉक्टरीणबाई पुढे चालल्या होत्या आणि मी शिस्तीत एक शिशी मागे.

बाई हसल्या. मग गंभीर झाल्या आणि म्हणाल्या की उद्यापासून फक्त शंभरची, आणि फरक दिसायला महिना-दीड महिना लागेल.

“पण लग्न तर तीन आठवड्यांवर आलंय!”

“गोळीला पत्रिका दिली नाही ना तुम्ही,” बाई म्हणाल्या.

परतीच्या एसटीत मी बायकोवर बरसलो. “लोणचं घातलं तू माह्या आजाराचं! मुरत ठेवलं सहा महिने!” पुढच्या सीटवरचा माणूस वळून पाहू लागला. ती मांडीवरच्या सामानाच्या पिशव्या सावरत राहिली. आर्वी आली तेव्हा एवढंच बोलली, “अजी, मले काय मालूम गोळ्यायमध्ये बी नंबर असते. थायरॉइडची गोळी म्हंजे थायरॉइडची गोळी.” दुसऱ्या दिवशी सकाळी नवी शिशी सील फोडून माझ्यासमोर होती आणि बायको स्वयंपाकघरात होती. माझी मी गोळी घेतली. पाण्यासोबतही ती कडू लागली.

लग्नाच्या दिवसापर्यंत स्वेटर सुटला होता, वर्गात झोप येत नव्हती, पण आवाज अर्धाच परतला होता. हायवेच्या लॉनवर अंतरपाट धरला गेला. मी माईक हातात घेतला. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्या कडव्यात, सायकलच्या ओळीवर, वर चढताना आवाज फाटला आणि तिथेच थांबला. मी खाकरलो. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. लोक अक्षता मुठीत धरून उभे. भटजींनी घसा साफ केला.

आणि मुलीच्या शेजारून एक आवाज आला. बारीक, घाबरलेला, सुरात कुठेच नसलेला. पण शब्द बरोबर. माझी बायको, जिने उभ्या जन्मात आरतीपलीकडे काही म्हटलं नाही, ती सायकलची ओळ म्हणत होती. ती संपवून पुढची घेतली. मग तिसरं कडवं. मी माईक हातात धरून बावळटासारखा उभा.

अंतरपाटाआडून मुलगी कुजबुजली, “बाबा, म्हणा ना सोबत. आई एकटी पडली.”

मी माईक बायकोपुढे धरला आणि तिच्या मागोमाग, खालच्या पट्टीत, जमेल तसं म्हणत गेलो. पाचवं कडवं आम्ही दोघांनी संपवलं. ताट घेऊन धावणाऱ्या आईची ओळ तिने मान खाली घालून म्हटली.

पंगत बसायच्या आधी मी तिला बाजूला गाठलं. “कधी शिकली तू हे?”

“तुमचा आवाज बसला तवापासून,” ती पदराला हात पुसत म्हणाली. “तुमी अंगणात म्हनायचे, मी आतून. डॉक्टरीनबाईचा गुण नसता आला तं पोरीचं लग्न का मुकं जाऊ द्याचं होतं?”

व्याही मंडळी पंगतीसाठी खोळंबली होती, आणि एवढ्या मोठ्या लॉनवर मला रडायला आडोसा कुठे सापडेना.