डासमावशीच्या स्कूटरचा कार्बन

बादलीतून बुडबुडे यायला लागले तसा भाचा हरखला.

"आत्या, लवकर ये! मळ कसा सुटतोय बघ!"

आत्या हातातलं काम टाकून मागच्या गॅलरीत आली. निळ्या प्लास्टिकच्या बादलीत पाणी फसफसत होतं. वर काळपट फेस, नाकाला झोंबणारी वाफ. आत्या दारातच थांबली. "खाली गॅस लावलायस की काय?"

"कॉस्टिक आहे गं. मोरी तुंबली की आपण टाकतो ना, तेच. सायलेन्सरमधला कार्बन यात कसा आपोआप निघतो."

हे खरंच होतं. सायलेन्सर लोखंडाचा, त्याला कॉस्टिक मानवतं. पण बादली भरलीच आहे तर इंजिनाचं हेडही त्यातच बुडवू, असा काटकसरी विचार भाच्याने केला होता. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, ज्यात स्पार्क प्लग बसतो. ते ॲल्युमिनियमचं, आणि ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं. भाचा ज्याच्याकडे कौतुकाने बघत होता तो मळ नव्हता. हेडच सुटत होतं.

संध्याकाळी त्याने हातमोजे घालून दोन्ही वस्तू बाहेर काढल्या. सायलेन्सर झकास निघाला. हेडची मात्र उंदराने रात्रभर कुरतडल्यासारखी दशा झाली होती. सिलिंडरवर जी कड घट्ट टेकायची तीच खड्ड्याखड्ड्यांची. भाच्याने ते धुतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि कपाटामागे सरकवलं. आंघोळीला निघालेल्या आत्याने टॉवेल शोधला आणि तिला तो सापडलाही.

"हे असंच असतं का?"

"नाही."

"चालेल?"

"नाही."

"उद्या रविवार. दुकानं बंद."

"हो."

आत्या खुर्चीवर बसली. रागावली असती तर भाच्याला बरं वाटलं असतं. पण तिने फक्त टॉवेलची घडी घातली.

आत्या एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्त गोळा करायची. उजाडायच्या आत बर्फाची पेटी स्कूटरला बांधून निघायची. वसाहतीतली पोरं तिला डासमावशी म्हणायची, आणि तिला त्याचं काहीच वाटत नसे; उलट बेल वाजवून ती स्वतःच ओरडायची, "डास आलाय, दार उघडा!" म्हातारी माणसं हसत हात पुढे करायची. पंखा फार जोरात आहे का, असं विचारता विचारता तिची सुई आत जाऊन बाहेरही आलेली असायची.

तिचं निम्म्याहून जास्त काम चढावरच्या वसाहतीत होतं, आणि स्कूटर तिसऱ्या हाताची. सपाटीवर कशीबशी पळायची, चढ आला की धूर सोडत दमेकऱ्यासारखी बसायची. उपाशीपोटी ताटकळलेल्या लोकांनी तक्रारी केल्या. लॅबच्या साहेबांनी शेवटी सांगून टाकलं, सोमवारी पुन्हा उशीर झाला तर चढावरचा भाग नव्या गाडीवाल्या पोराला. गॅरेजवाला म्हणाला, जुनं मॉडेल आहे, आठवडाभर गाडी सोडून जा. तेव्हा भाचा छाती पुढे काढून म्हणाला, "नुसता कार्बन साचलाय. मी घरी काढतो."

भाचा कॉलेजसाठी आत्याकडे तात्पुरता म्हणून आला होता. तो तात्पुरताच राहिला आणि कॉलेज संपून गेलं. आतली खोली त्याची, बरी उशी त्याची, पंख्याखालची जागा त्याची. आत्या बाहेरच्या खोलीत झोपायची आणि म्हणायची, मला आत गुदमरतं. हे खोटं आहे हे त्याला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं. कधीतरी आपणही तिच्यासाठी काहीतरी करावं असं त्याला फार वाटायचं. केलं, ते हे.

रविवारी सकाळी आत्या म्हणाली, "चल. मिस्त्रींकडे त्याच मॉडेलची गाडी आहे, जिन्याखाली धूळ खात पडलीय."

मिस्त्रींनी डोळे अधू झाल्यावर गॅरेज बंद केलं होतं. ते आत्याच्या पेशंटांपैकी एक. हातोडा बोटावर पडला तरी हूं न करणारा हा माणूस सुई बघून बाथरूममध्ये कडी लावून बसायचा. आत्याचा आवाज ऐकताच ते आतूनच ओरडले, "आज नाही! आज मी चहा प्यायलोय! साखर घालून!"

"दादा, आज टोचायला नाही आले. मागायला आले."

दार किलकिलं झालं. बर्फाची पेटी दिसत नाही याची खात्री झाल्यावर पुरतं उघडलं. मिस्त्रींनी हेड हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि अंगठा जागीच थांबला.

"अरे देवा. कॉस्टिकमध्ये कोणी घातलं हे?"

"माझ्याकडून झालं," आत्या म्हणाली.

भाच्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"मी घातलं, काका," तो म्हणाला. "तिने कॉस्टिकला हातसुद्धा लावला नाही."

मिस्त्री मोठ्याने हसले. "ताई, तुम्हीच खोटं बोलायला लागलात तर आमच्या रिपोर्टवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा? आणि तू रे, तोंड पाडू नकोस. मी पहिल्याच महिन्यात पिस्टन उलटा बसवला होता. उस्तादांनी माझं आणि पिस्टनचं, दोघांचंही तोंड सरळ केलं."

जिन्याखालच्या गाडीचं हेड त्यांनी भाच्याकडूनच खोलून घेतलं. गाडी त्यांच्या बायकोची. ती गेल्यापासून कोणी किक मारली नव्हती. "घेऊन जा," ते म्हणाले. "पैशाचं नाव काढायचं नाही. पण माझी एक अट आहे. पुढच्या वेळी ताई येतील तेव्हा हे पोरगं बरोबर पाहिजे. माझ्या शेजारी बसून आधी त्याने टोचून घ्यायचं, मग मी. माझी बायको घ्यायची तसं. ती आधी हात पुढे करायची. मग मला पळून जायची लाज वाटायची."

भाच्याचा रंग उडाला. सुईच्या बाबतीत तो मिस्त्रींचाच भाऊबंद होता. रक्त गोळा करणाऱ्या बाईच्या घरात राहून त्याने आजवर स्वतःचा रक्तगट तपासू दिला नव्हता.

"येईल," आत्याने परस्पर कबूल करून टाकलं.

नवं म्हणून आणलेलं हेड आतून इतकं काळंकुट्ट होतं की सगळं काम पहिल्यापासून आलं. मिस्त्रीही बरोबर आले आणि गॅलरीत स्टुलावर बसले. त्यांना दिसत फार कमी होतं, पण हुकूम भरपूर सुटत होते. "पिस्टन पार वर आण. कडेला ग्रीस भर, म्हणजे कचरा खाली उतरणार नाही. आणि तो स्क्रू ड्रायव्हर ठेव! ओरखडा पडला की कार्बन तिथेच पुन्हा घर करतो."

"मग कशाने खरवडू, काका? नखाने?"

आत्या आत गेली आणि घसा तपासताना जीभ दाबायला वापरतात त्या लाकडी पट्ट्यांचं पाकीट घेऊन आली. रॉकेलमध्ये भिजवलेला मळ त्या पट्टीने पापुद्र्यापापुद्र्याने सुटू लागला. भाचा जोर लावायचा आणि पट्टी मोडायचा. आत्या हलक्या हाताने पट्टी फिरवायची, जणू खाली कोणाची तरी नस आहे.

"ताई, तुमचा हात चांगला आहे," मिस्त्री अंगठ्याने चाचपत म्हणाले.

"मग दर महिन्याला बाथरूममध्ये का लपता?"

"हात चांगलाच आहे. हातातली वस्तू वाईट."

पिस्टनवरचं ग्रीस कचऱ्यासकट पुसलं. हेडखाली बसणारी तांब्याची चकती, म्हणजे गॅस्केट, गॅसवर लाल करून पाण्यात सोडली, तशी ती मऊ पडली. हेड बसलं, सायलेन्सर चढला. पुष्कळ किका मारून झाल्यावर गाडीने एक मोठा ढेकर दिला, गल्लीभर धूर केला आणि मग एका सुरात चालू लागली. मिस्त्री डोळे मिटून ऐकत राहिले.

सोमवारी उजाडायच्या आत भाचा चढाच्या पायथ्यापर्यंत चालत गेला. मागून आत्या आली, थांबली नाही, नुसता हात हलवून वर गेली. गाडीचा आवाज मधल्या वळणावर, जिथे तो नेहमी बसायचा, तिथे बसला नाही. पार वरच्या घरांपर्यंत गेला आणि मग हलक्या आवाजात कानावर आलं, "डास आलाय!" भाचा एकटाच रस्त्यात उभा राहून हसला.

चढावरचा भाग आत्याकडेच राहिला. त्या रात्री भाच्याने विचारलं, "माझ्याकडून झालं, असं का म्हणालीस?"

"गाडी कोणाची? माझी. बादली माझी, टॉवेल माझा, भाचा माझा. मग झालं कोणाकडून?"

त्याने आपली उशी बाहेरच्या खोलीत आणून टाकली आणि म्हणाला, "मलाही आत गुदमरतं." आत्याने त्याच्याकडे रोखून पाहिलं, मग मुकाट्याने आत जाऊन पंख्याखाली झोपली.

मिस्त्रींची अट मात्र तशीच आहे. पहिल्या महिन्यात भाच्याची मुलाखत निघाली, दुसऱ्या महिन्यात सर्दी. या महिन्यात तो गेला, जिन्याच्या मधल्या टप्प्यापर्यंत. वरून मिस्त्रींचा आवाज आला, "ताई, पोरगं आणलंय का?"

"आणलंय. चढतंय."

"चढू दे, चढू दे. तोवर मी बाथरूममध्ये आहे."

आणि आतून कडी लागल्याचा आवाज झाला.