फुफी कुठं जाते

फुफी, म्हणजे माझी आत्या, हाफिजा आहे. सगळं कुराण तोंडपाठ. आता वय झालं, म्हणून सकाळी ती म्हणते आणि मी समोर कुराण उघडून बसते. ती चुकली की पुढचा शब्द सुचवायचा, एवढंच माझं काम.

अरबीचा अर्थ तिला कुणी शिकवला नाही. आमच्या घरात बी.ए. झालेली पहिली मी, आणि मराठी भाषांतर मी वाचलंय. त्यामुळे ती कुठं चाललीये, ते मला एकटीलाच दिसतं.

'तिथं ते कायम राहतील' हे शब्द स्वर्गाच्या बागांसाठी येतात, तसेच नरकासाठीही येतात. पाठ म्हणणाऱ्याचा पाय इथंच घसरतो. आज फुफी बागेतून सरळ आगीत शिरली. डोळे मिटलेले, अंग झुलतंय, आवाज मधासारखा. तिथं आगीत चेहरे उलटेपालटे होतायत आणि हिच्या ओठांवर हसू. मी शब्द सुचवला. ती मागं फिरली, बागेत आली आणि पुन्हा आगीत गेली.

"फुफी, थांब."

"का गं बी.ए.? कुठं गेले होते मी?"

"जरा पुढं गेलीस," मी म्हणाले.

आमच्यात मानतात, मेल्यावर हाफिजाला सांगतील की म्हणत जा आणि स्वर्गाच्या पायऱ्या चढत जा. जिथं शेवटची आयत, म्हणजे कुराणातली ओळ, म्हणशील, तिथं तुझं घर.

फुफी म्हणाली, "त्या पायऱ्यांवर माझ्यासमोर कोण बसणार गं?"

तिनं डोळे मिटले आणि बागेपासून पुन्हा सुरुवात केली.