अक्कांनी न बोललेला संवाद

यमुनाअक्का कुठलाही संवाद पाठ करत नसत. धुळ्याच्या देवपुरात एक भाड्याचं घर घेऊन आमच्या विनोदी मालिकेचं शूटिंग चालायचं. दिग्दर्शक रवीभाऊ प्रसंग वाचून दाखवायचे, तेव्हा अक्का डोळे मिटून ऐकायच्या. वाचन संपलं की म्हणायच्या, "समजनं. आते कागद ठी द्या." मग कागद बाजूला पडायचा आणि कॅमेरा सुरू झाला की त्याच प्रसंगाला अशा काही अहिराणी फोडण्या बसायच्या, की रवीभाऊ स्वतःचं लिखाण विसरून हसायचे.

अक्का दोंडाईच्याच्या. उभं आयुष्य मिरचीच्या वखारीत मिरच्या निवडण्यात गेलेलं. एका लग्नात व्याह्यांना चिडवणारी गाणी त्या रचून म्हणत होत्या आणि व्याही चिडायचे सोडून पोट धरून हसत होते. रवीभाऊंनी त्यांना तिथेच हेरलं. आधी स्थानिक केबलवर आणि नंतर घराघरातल्या मोबाइलवर आमची मालिका चालली ती अक्कांनी रंगवलेल्या सासूमुळे. मालिकेत मी त्यांची सून. जळगावच्या शाळेत शिकवायचं आणि सुट्टीच्या दिवशी एसटीने धुळ्याला यायचं, असा माझा क्रम होता. मेकअप करून बसले की अक्का विचारायच्या, "जेवनी का माय?" आणि उत्तराची वाट न बघता डबा पुढे सरकवायच्या. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "बठ्ठासले हासाडानं, पन कोनले रडाडानं नही." सगळ्यांना हसवायचं, पण कुणाला रडवायचं नाही.

मालिका थोडी रेंगाळली तेव्हा रवीभाऊंनी नवं कथानक आणलं. माझ्या नवऱ्याची, म्हणजे ते काम करणाऱ्या प्रमोदची, कॉलेजातली जुनी मैत्रीण शेजारी राहायला येते. त्याची तिच्या घरी चोरून ये-जा सुरू होते. इकडे सुनेला मूल होत नाही म्हणून सासू वैतागलेली. ती सुनेला चारचौघांत 'वांझ' म्हणते आणि शेजारणीशीच मुलाचं दुसरं लग्न लावायचा घाट घालते. गोंधळ, पळापळ, हशा.

मी खाली बघत वाचन ऐकत होते. माझ्या खऱ्या लग्नाला बरीच वर्षं होऊनही मला मूल नव्हतं. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, त्यात दोष निघाला नव्हता, आणि डॉक्टरांनी नवऱ्याला बोलावलं की तो विषय बदलायचा. सासूबाई उपास सांगायच्या, ते मी करायचे. सेटवर यातलं कुणाला काही माहीत नव्हतं. अक्कांनाही नाही.

अक्कांनी डोळे उघडले. "हाऊ शबद मी बोलाव नही."

रवीभाऊ म्हणाले, "अक्का, कॉमेडी आहे. शेवटी सासूचीच फजिती होते की."

"मी सासू शे, खाटीक नही."

"अहो, लोकांना हसायला काहीतरी हवं ना!"

जेवलात का विचारावं तितक्या सरळ आवाजात अक्का म्हणाल्या, "मना नवरानी हाऊच शबद बोलीसन माले घरमाईन काढं. दुसरी करी. ती बी रिकामीच ऱ्हायनी. पन त्याले कोनी काई म्हनं नही." पदर सावरत त्या उठल्या. "तुमले दुसरी सासू भेटी जाई, भाऊ. मी बस धरस."

मालिकेतून मिळणारे पैसे हाच अक्कांचा आधार होता, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. रवीभाऊ मनाने चांगला माणूस. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि विचारलं, "मग सासू काय करेल, अक्का?"

"पहिले आंडोरले तपासाले लई जाई," अक्का म्हणाल्या. आंडोर म्हणजे मुलगा. "लावा तुमना कॅमेरा."

त्या दिवशी जे झालं ते कुणी लिहिलेलं नव्हतं. दवाखान्याचं नाव काढताच प्रमोद पलंगाखाली शिरला. अक्कांनी त्याला पायाला धरून बाहेर ओढलं. तो शेजारणीच्या घरात पळाला, तर तिलाच म्हणाल्या, "तू बी चाल वं बाई, तुले बी कळू दे." शेवटी रिक्षात दोघांच्या मध्ये बसून त्यांनी रिक्षावाल्याला सगळी हकिगत सांगितली आणि वर त्याचाही सल्ला मागितला. कॅमेरामन हसताना इतका हलला की तो भाग पुन्हा घ्यावा लागला.

तो भाग लागला तेव्हा मी घरी सासूबाई आणि नवऱ्याबरोबर बसले होते. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता थांबल्या आणि मुलाकडे बघत राहिल्या. सकाळी चहा देताना त्याला म्हणाल्या, "आज रजा टाक. मी येते सोबत." तो गेला. दोष त्याच्यात निघाला. उपचार झाले, पण मूल काही झालं नाही. मात्र माझे उपास संपले. पुढे एका बारशाला कुणीतरी माझ्याकडे बघून कुजबुजलं, तर सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "उणं आमच्या मुलात आहे. तिला काही बोलायचं नाही." नवरा शेजारीच उभा होता. त्यानेही मान खाली घातली नाही.

हे सगळं मी अक्कांना सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाल्या, "तुनी सासू मन्हापेक्षा भारी शे. मी ते नुसतं नाटक करं." अक्कांच्या बरोबर मी काम केलं, हे सांगताना आजही माझी मान ताठ होते.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. झोपेतच. निरोप आला तसे आम्ही दोंडाईच्याला पोचलो. हट्टाने सासूबाईही आल्या. वखारीतल्या बायका, रिक्षावाले, मालिका बघणारी कितीतरी अनोळखी माणसं अंगणात मावत नव्हती. विस्तवाचं मडकं कोण धरणार, यावर भाऊबंदांत चर्चा सुरू होती. अक्कांचा भाचा पुढे व्हायला निघाला आणि मला बघून थांबला. एका म्हातारीने त्याला विचारलं, "हाई कोन शे रे?"

"अक्कानी वऊ," तो म्हणाला. अक्कांची सून.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "बघतेस काय? जा, पुढे हो."

मी मडकं उचललं आणि चालू लागले.