"कोण?" "मी!"

आमच्या गल्लीत दार वाजलं की आतून विचारतात, "कोण?" बाहेरचा म्हणतो, "मी!" आणि कडी निघते. आता 'मी' तर सगळेच असतात की! पण आवाज ओळखीचा असला की पुरे. विश्वास म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

मला नकला जमतात. परवा दुपारी समोरच्या शालूकाकू घरात एकट्या होत्या, काका तालुक्याला गेलेले. मी दार वाजवलं, काकांसारखा खाकरलो आणि म्हटलं, "मी गं."

कडी निघाली. काकू माझ्याकडे न बघताच आत वळल्या. "लवकर आलात? पाय धुवा, भाकरी टाकते."

मला हसायचं होतं, पण हसू फुटेना. समोर काकूंची पाठ, कपाटाला किल्ली तशीच लटकलेली, आणि घरात शिरलेला मी. खाकरायला काय, कुणालाही येतं. उद्या एखाद्याला माझ्यापेक्षा चांगलं जमेल आणि त्याला गंमत करायची नसेल.

"काकू, मी पक्या," मी हळूच म्हणालो.

त्या केवढ्या दचकल्या! मग ओरडल्या, "मेल्या, जीव गेला असता की माझा!"

संध्याकाळी काका बंद दारासमोर उभे दिसले. आतून काकू म्हणत होत्या, "आधी खिडकीशी या. तोंड दाखवा."

काका हसत हसत खिडकीशी गेले. काकू हसत नव्हत्या.