कुझोलूच्या आईचा दगड

आमच्या नागा डोंगरावर पहिला प्रचारक चढला, तेव्हा कुझोलूच्या आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधी वाटच नव्हती, येणार कुठून? पण आमच्या चर्चमध्ये असल्या सबबी चालत नाहीत. येशूचं नाव कानावर न पडता जो मेला, तो आगीत गेला. विषय संपला.

कुझोलू चौदाव्या वर्षी ख्रिस्ती झाली. तांदळाची दारू सोडली, जुने सण सोडले, रविवारी शेतात पाऊल टाकलं नाही. गेली सत्तर वर्षं चर्च तीच झाडते. तिच्या श्रद्धेला नावं ठेवणाऱ्यानं आधी एवढं झाडून दाखवावं.

मागच्या वर्षी चर्च वाढवायला घेतलं आणि नव्या पायऱ्यांच्या आड एक उभा दगड आला. पूर्वी जो आपलं कोठार रिकामं करून अख्ख्या गावाला जेवू घाली, त्याच्या नावानं गाव असा दगड ओढून आणी. हा कुझोलूच्या आईबापांचा. पास्टर वेझोखो, नात्यानं तिचा भाचा, म्हणाला, मूर्तिपूजकांचा दगड आहे, फोडून पायऱ्यांत घालू.

सकाळी कुझोलू टकळी घेऊन दगडाला टेकून बसली.

"मावशी, ऊठ. माणसं खोळंबलीत."

"खोळंबू देत. मला सूत कातायचंय."

"तुझी आई चांगली होती, कोण नाही म्हणतं? पण आगीतून तारण चांगुलपणानं होत नाही."

"मग कशानं होतं? रस्त्यानं? रस्ता उशिरा झाला आणि भाजायचं माझ्या आईनं?"

वेझोखो चार वर्षं धर्मशास्त्र शिकून आलेला. तरी त्यानं घण या हातातून त्या हातात घेतला. मग हळूच म्हणाला, "देवाच्या मनातलं मला काय कळणार?"

"नाही ना कळत? मग घण खाली ठेव. आणि आई आगीतच असेल, तर चर्चच्या वहीतून माझं नाव काट. मी तिच्याकडे जाईन."

चर्चच्या पंचांना हे फार झोंबलं. त्यांनी तिचं प्रभुभोजन बंद केलं. चुकले म्हणेपर्यंत रविवारी बाकांवरून फिरणारी भाकर नाही, द्राक्षरसाचा प्याला नाही. पण दगडाचं काय? चर्चचं काम आमच्याकडे गावच करतं, घरटी एक माणूस. वेझोखोनं विचारलं, पहिला घाव कोण घालतो? प्रत्येकाच्या आजोबानं तो दगड ओढलेला, त्या घरचं जेवलेला. घण हातोहात फिरला आणि पुन्हा त्याच्याकडेच आला. त्यानंही उचलला नाही. पायऱ्या वळवून बांधल्या.

नंतर वेझोखो दोनदा तिच्या घरी गेला. एवढं एक वाक्य म्हण, मावशी, मग सगळं पहिल्यासारखं. ती म्हणाली, आधी तू प्रार्थनेत माझ्या आईचं नाव घे. मीही त्याला तेच सांगितलं. तो मान हलवतो आणि चहा पिऊन जातो.

कुझोलू अजून पहिल्या बाकावर बसते, सगळ्यांहून मोठ्यानं गाते. गेल्या रविवारीही प्याला तिच्यासमोरून पुढे गेला. तिनं मांडीवरचे हात हलवले नाहीत. मान मात्र ताठ होती.