चतुराबाईचा वरचा दात

चतुराबाईच्या तोंडाला अख्खं वलगाव टरकून असे. गोधड्या शिवणारी बाई. सुईपेक्षा जीभ टोकदार. नवरा गेल्यावर एकुलत्या शालूला तिनं त्या सुईवरच वाढवलं. टाका असा बारीक, की लग्नाची गोधडी तिच्याच हातची लागे, पाटलाच्या घरीसुद्धा. अंगावर तिची गोधडी चालायची. त्यांच्या ओट्यावर ती स्वतः मात्र चालत नसे.

जिल्हा परिषद तेव्हा नवी नवी होती. शालूचा वरचा दात किडला, गाल भाकरीसारखा फुगला, पोरगी पातळ कण्यांवर आली. अमरावतीच्या दातवाल्याची फी बाईच्या ऐपतीबाहेरची. तेवढ्यात दवंडी पिटली गेली. दातांचा डॉक्टर गावात येणार, खर्च सारा सरकारचा, पण एकच दिवस.

त्या दिवशी शाळेपुढच्या लिंबाखाली डॉक्टरनं खुर्ची मांडली, स्टोव्हवर चिमटे उकळत ठेवले. गाव भोवती गोळा झालं, पण पुढं कोणी होईना. वरचा दात उपडला की डोळा जातो, हे साऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

खुशालराव पाटलांचा स्वतःचा जबडा दुपट्ट्यात बांधलेला. तरी समोरच्या पारावरून बोललेच, "काहून वो चतुरे, पोरीले आंधयी करतं काय? मंग लगन कोन करन तिच्यासंग?"

शालूनं लिंबाचं खोड धरलं. "माय, मी नाई बसत."

चतुराबाईचा स्वतःचा वरचा एक दात कधीचा हलत होता. याच धाकापायी तिनं तो राखला होता. डोळा गेला की सुई गेली, अन् सुई गेली की चूल गेली.  तरी ती पदर खोचून सरळ खुर्चीत बसली.

"डॉक्टर, पयले माहा काढा. वरचाच काढजा."

"बाई, सुई देतो, तरी थोडं दुखेल."

"पोर झाली तवा कोनं सुई देल्ली होती मले?"

दात निघाला. डॉक्टरनं तोंडात कापूस कोंबला, अन् चतुराबाईचं तोंड बंद झालेलं गावानं पहिल्यांदा पाहिलं. तिनं पदराला टोचलेली सुई काढली, साऱ्यांपुढं धरली, अन् एका दमात दोरा ओवला.

पाटील तावातावानं उठले. "त्यात काय? हात बसला हाय तिचा. डोये मिटूनही ओवन ते."

बाईला बोलता येईना. तिनं नुसतं बोट केलं, पाटलांच्या कमरेमागं. साऱ्यांच्या माना वळल्या. उठायच्या घाईत पाटलांचा कासोटा सुटून धुळीत लोळत होता.

पार हसून लोटपोट झाला. शालूलाही हसू आलं, तशी गालात कळ मारली अन् तिनं गाल धरला.

"दिसते ना वो माय तुले?"

मायनं मान हलवली. शालूनं खोड सोडलं अन् खुर्चीत जाऊन बसली.

तिच्यामागं रांग लागली. कासोटा खोचून पाटीलही रांगेत उभे. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी दुसरी खुर्ची आहे का म्हणून इकडंतिकडं पाहिलं. खुर्ची एकच होती, चतुराबाई बसली होती तीच. जबडा ठणकत होता. बसले.

तोंड उघडताना त्यांची नजर चतुराबाईकडं गेली. ती लिंबाखाली बसून शालूच्या उसवलेल्या बाहीला टाका घालत होती. दोरा ओवलेलाच होता.