तिघांची सावली

तीन भाऊ एका ओळीत उभे होते आणि तिघांवर तीन बाजूंनी उजेड पडत होता. सलीमवर कुवेतचं भर दुपारचं ऊन, अगदी डोक्यावरून. नासिरवर दोह्यातल्या कुठल्याशा मॉलचे पांढरे दिवे, डावीकडून. अश्फाक मस्कतच्या खोलीत ट्यूबलाइटखाली उभा, त्याचा चेहरा हिरवट. आणि त्यांना जिथे उभं करायचं होतं, त्या आगरदांड्याच्या ओटीवर ऊन उजवीकडून येत होतं.

मुलांनो, मी स्क्रीनवरच्या चार फोटोंबद्दल सांगते आहे. तुमचे आजोबा गेल्यावर मुरूडचा स्टुडिओ मी चालू ठेवला, डार्करूम बंद करून हे सॉफ्टवेअर शिकले. त्यात एका वेळी कितीही फोटो उघडता येतात. प्रत्येक फोटोतलं हवं तेवढं माणूस कापून घ्यायचं आणि एका मुख्य फोटोवर आणून ठेवायचं. कापून आणलेलं प्रत्येक माणूस स्वतःच्या लेयरवर असतं. लेयर म्हणजे पारदर्शक कागद समजा. एकावर एक चार कागद ठेवले की वरून बघणाऱ्याला एकच चित्र दिसतं.

काम हसीनाबींचं होतं. त्यांचे पती इब्राहिमभाई आगरदांडा ते दिघी लाँचवर तांडेल होते. लाँच त्यांच्या हुकमावर चाले, आणि माणसं मोजल्याशिवाय त्यांनी कधी धक्का सोडला नाही. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडू लागला होता. मुलगे परदेशात आहेत हे आठवत नसे. रोज संध्याकाळी विचारायचे, "पोरं कुठल्या लाँचनं येतात?" रजा कुणालाच मिळत नव्हती.

"वहिनी, एका फोटूत बसवा तिघांना, बापाच्या बाजूला," हसीनाबी म्हणाल्या. "मोठा नको. भिंतीवर लावायचा न्हाय, तिथं नमाज पडतो आम्ही. हातात धरता येईल एवढा. बघितला की जीव थंड होईल त्याचा."

मी ओटीवर जाऊन इब्राहिमभाईंचा फोटो काढला. कॅमेरा लावेपर्यंत त्यांना खुर्चीतच डुलकी लागली. मान किंचित खाली, हात मांडीवर. मी हसीनाबींना म्हटलं, "जुन्या पासपोर्ट फोटोतले डोळे लावून उघडे करून देते. होतं तसं."

"नको, वहिनी. जागा असला की त्यांचीच वाट बघतो. हा असाच बरा दिसतो."

मी ऐकलं. गिऱ्हाईक सांगेल तसं करायचं, असा आमच्या धंद्याचा नियम आहे.

मग कामाला लागले. मोबाइलवरून आलेले फोटो वाटेत बारीक होतात. मोठे केले की कडा फाटक्या दिसतात, म्हणून एकेक केस हाताने कापावा लागला. उंची कुणाची किती, हे हसीनाबींनी शेजारी बसून सांगितलं. "नासिर सलीमच्या कानापतूर. अश्फाक सगळ्यांत लांब, पण वाकून चालतो मेला." उजेड जुळवायला नासिरचा फोटो आरशासारखा उलटा केला, तर त्यांनी लगेच बोट ठेवलं. "घड्याळ उजव्या हातात कसं गेलं? माझा नासिर काय डावरा हाय?" मी घड्याळ काढून डाव्या मनगटावर नेलं. अश्फाकचा हिरवेपणा घालवला. सलीमचा हात बापाच्या खांद्यावर ठेवला. तो हात दुसऱ्या फोटोतून आणला होता, तिथे तो एका गाडीच्या टपावर होता.

एवढं करूनही तिघं चिकटवल्यासारखे दिसत होते. कारण मला माहीत होतं. त्यांना सावली नव्हती. एक पूर्ण दिवस मी फक्त सावल्यांवर घालवला. ओटीच्या लाद्यांवर तिघांच्या लांब सावल्या, खुर्चीच्या पायापाशी मोडलेल्या. सलीमच्या बोटांची पुसट सावली बापाच्या सदऱ्यावर. मग जोड कुठे आहे, हे मलासुद्धा सापडेना. तुमच्या आजोबांनीही वाखाणला असता असा तो फोटो होता. हसीनाबींनी तो ओढणीत गुंडाळून नेला.

तिसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या आणि बाकावर बसल्या.

"वहिनी, घात झाला."

"काय झालं? आवडला नाही का?"

"वळखला की. तिघांना वळखला, मोजला. मग मला विचारतो, कवा आलेले? मी म्हटलं, आले न्हाईत, फोटू हाय नुसता. तर लाद्या दाखवतो. ही आपली ओटी न्हाय? ही माझी खुर्ची न्हाय? पोरं आली, मी झोपलेला बघितला आणि गेली. तू मला उठवला का न्हाय?"

मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले.

"आता झोपतच न्हाय तो. दुपारी न्हाय, रातचा न्हाय. डोळे मिटले तर परत येऊन जातील म्हणतो. डॉक्टरची गोळी दिली, तोंडातून काढून खिशात ठेवतो."

मला वाटलं, समजावून सांगितलं तर समजेल. शिकलेल्या माणसांना नेहमी असंच वाटतं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन ओटीवर गेले. इब्राहिमभाई खुर्चीत ताठ बसलेले, डोळे लाल, फोटो हातात.

"या, बाय. तुमी काढला ना फोटू? तुमी तरी उठवायचा मला."

"भाई, मुलं आलीच नव्हती. मी जोडलाय हा. बघा, दाखवते."

मी फाइल उघडली. प्रत्येक लेयरच्या बाजूला डोळ्याचं एक चिन्ह असतं. त्यावर क्लिक केलं की तो लेयर दिसेनासा होतो, पुसला जात नाही, फक्त झाकला जातो. मी सलीमच्या डोळ्यावर क्लिक केलं. सलीम गेला. खांद्यावरचा हात गेला.

इब्राहिमभाईंनी स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं.

मी नासिरवर क्लिक केलं. मग अश्फाकवर. मला वाटत होतं, आता त्यांच्या ध्यानात येईल. ओटीवर एकटा झोपलेला म्हातारा उरला, आणि मागे तीन सावल्या. सावल्यांचा लेयर वेगळा होता, तो झाकायचं मी विसरले.

"कुठं गेले?" त्यांनी स्क्रीनला हात लावला. "बाय, काय केलात? पोरं कुठं घालवलीत माझी?"

"कुठे नाही गेली, भाई, ती इथं नव्हतीच..."

"परत आणा. परत आणा तुमी!"

मी घाईने तिन्ही चिन्हांवर क्लिक केलं. त्यांनी बोट ठेवून मोजलं. एक, दोन, तीन. मग माझं मनगट धरलं. "आता बंद करू नका. आता हात लावू नका कशाला."

मी हात लावला नाही. भाई, हसीनाबी आणि मी त्या स्क्रीनसमोर बसून राहिलो, लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत. स्क्रीन काळी झाल्यावर ते काय बोलले, ते इथे लिहीत नाही. हसीनाबी मला जेटीच्या वळणापर्यंत सोडायला आल्या.

महिनाभराच्या आत इब्राहिमभाई त्याच खुर्चीत गेले, बसल्या बसल्या. सर्टिफिकेटवर डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं. किती रात्री जागून काढल्या, याला त्यात रकाना नसतो. त्यांच्यात दफन थांबवत नाहीत. त्यामुळे तिघांपैकी कुणीच वेळेवर पोचला नाही. नासिर तेवढा तिसऱ्या दिवशी आला.

तो आईला घेऊन दुकानात आला. फोटो त्याला घरात सापडला होता, कोपरे मऊ पडलेला.

"आंटी, कमाल केलीत," तो म्हणाला. "आम्ही खरंच आलो होतो असं वाटतं. आम्हा तिघांना एकेक कॉपी द्या ना."

हसीनाबी त्याच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्याला काही सांगू नका, असं. मी सांगितलं नाही. तीन कॉपी काढून, पाकिटात घालून दिल्या.

तुम्ही विचारता, म्हणून या कामातून शिकले ते लिहिते. जोड चांगला जमला का, हे स्क्रीनवर मोठं करून बघता येतं. तो फोटो हातात धरून कोण बसणार आहे, हे आधी विचारावं लागतं, आणि मी विचारलं नव्हतं. आता दुरून आलेलं माणूस फोटोत बसवायचं असेल, तर मी त्याच्याभोवती बारीक पांढरी रेघ ठेवते आणि सावली देत नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, बाजारातल्या नव्या दुकानात अशी रेघ दिसत नाही. मी त्यांना त्या दुकानाचा रस्ता सांगते.